दुकानात गेल्यावर कसं वागायचं? काउंटरच्या आतल्या बाजूने, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादर वेस्टला साडी आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानात काउंटरला आहे, या कामात १६ वर्षं झाली. सोसायटीतल्या बायका, ट्रेनच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी, नणंदेच्या ऑफिसातल्या मुली सगळ्या मला तेच तेच विचारतात, कधी व्हॉट्सअॅपवर, कधी लग्नात जेवताना. म्हणून ते सगळे प्रश्न एकदाचे इथे लिहून काढले. बऱ्याच उत्तरांत तुम्हाला एकच गोष्ट परत परत दिसेल, की मनात जे आहे ते समोरच्या माणसाला सरळ सांगा, कारण आमचा अर्धा थकवा अंदाज बांधण्यातच जातो.

तुम्हाला हाक काय मारायची? भैया, मॅडम, एक्सक्यूज मी, नेमकं काय बरं वाटतं?

ताई, दादा, काका, मावशी, जे तोंडात येईल ते चालतं. चुटकी वाजवून किंवा "शुक शुक" करून बोलवू नका एवढंच, ते १६ वर्षांनी पण तसंच लागतं. आणि मराठीत बोला बिनधास्त, समोरचा मुलगा बाहेरचा असेल तरी. आमच्याकडे गोरखपूरहून आलेला एक मुलगा आहे, तो तीन महिन्यांत काठ, पदर, बुट्टी, आमसुली, मोरपंखी सगळं शिकला कारण गिऱ्हाईकं त्याच्याशी शांतपणे मराठीत बोलत राहिली, नाही कळलं तर परत सांगत राहिली. जे ओरडले त्यांच्याकडून तो काहीच शिकला नाही, तो त्यांना बघून मागे गोडाऊनमध्ये जायचा.

काही घ्यायचं नाहीये, नुसतं बघायला आलो तर राग येतो का?

नाही येत. आल्या आल्या सांगा, "आज बघायला आलोय, पुढच्या महिन्यात घ्यायचंय", म्हणजे आम्ही तुम्हाला तसं दाखवतो, काय ट्रेंडमध्ये आहे, कुठल्या रेंजमध्ये काय येतं. फक्त लग्नसराईत रविवारी संध्याकाळी येऊ नका बघायला, तेव्हा काउंटरला तीन-तीन रांगा असतात. मंगळवार-बुधवार दुपारी या. तेव्हा मी स्वतः पैठणी काढून दाखवते, हातात देते, घ्यायची नसली तरी.

बजेट आधी सांगितलं की तुम्ही मुद्दाम त्याच्या वरचंच दाखवता, मग सांगायचं कशाला?

काही ठिकाणी करतात असं, खोटं नाही बोलणार. दोन हजार म्हटलं की पंचवीसशेची काढतात. त्यामुळे नुसता आकडा न सांगता हद्द सांगा, "दीड ते दोन, दोनच्या वर एक रुपया नाही". आमच्या मागे माल भावाप्रमाणे लावलेला असतो, कुठल्या खणाला हात घालायचा हे तुमच्या आकड्यावरूनच ठरतं, आणि "दाखवा हो, भावाचं नंतर बघू" असं कोणी म्हटलं की मी मधूनच कुठूनतरी सुरुवात करते, मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, कोणीच काही बोलत नाही आणि अर्धा तास असाच जातो. एक आजी आल्या होत्या, म्हणाल्या "नातवाच्या मुंजीत सुनेला द्यायचीय, माझ्याकडे बाराशे आहेत आणि तिला हिरवा आवडत नाही." दहा मिनिटांत त्यांना जांभळी नारायणपेठ मिळाली आणि मला पण इतकं बरं वाटलं. कमी बजेट सांगायला लाजू नका हो, आम्ही स्वतः काय दहा हजारांच्या साड्या नेसत नाही.

पन्नास साड्या उघडायला लावल्या आणि एकही नाही आवडली तर? फार अपराधी वाटतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते. साडी उघडणं हे आमचं कामच आहे, न बघता साडी कोणी घेऊच नये, आणि पन्नास बघून नाही आवडली तर नाही आवडली, त्यात अपराध काही नाही. पण उघडल्यानंतर काय होतं ते माहीत असू द्या.

साडी ब्लाउज पीस धरून सहा मीटरच्या वर असते. ती परत घडी करायला एकीने काठाला काठ जुळवायचा, दुसरीने समोरून पदराचं टोक धरून ताणायचं, मग अर्ध्यात, परत अर्ध्यात, जरीचे धागे आतल्या बाजूला जातील अशी, मग आत पुठ्ठा, वर पिशवी, पिशवीवर कोडचं स्टिकर, ते स्टिकर त्याच साडीचं आहे ना हे बघायचं. एकटीने करायची असेल तर हनुवटीखाली धरून करते मी. घाईत घडी वाकडी बसली तर पुढच्या गिऱ्हाइकाला ती साडी जुनी वाटते, मग ती मागे पडते ती पडतेच.

तर तुम्ही काय करू शकता? आधी रंग आणि काठ घडीतच बघा, त्यातून चार-पाच बाजूला काढा आणि त्या पूर्ण उघडायला सांगा. "ही नको" हे लगेच म्हणा, आमचं मन नाही दुखत, उलट "नको" ऐकलं की मी ती घडीला टाकते आणि तुमची आवड काय ते मला कळायला लागतं. "बघू, राहू दे बाजूला" असं वीस साड्यांना म्हटलं की मात्र कोणालाच काही कळत नाही. आणि अंगठी! खड्याची अंगठी असेल तर जरीचा धागा अडकतो. पैठणीवरून हात फिरवण्याआधी अंगठी आतल्या बाजूला वळवा किंवा मला सांगा, मी पदर धरून दाखवते. मी आधी होते त्या दुकानात एकदा एक धागा असा ओढला गेला, गिऱ्हाईक काही न बोलता उठून गेलं आणि महिनाअखेरीला दुकानाने त्या साडीचे पैसे तिथल्या मुलीच्या पगारातून कापले. ते दुकान आता मी सोडलंय. त्या बाईंनी नुसतं "माझ्याकडून झालं" म्हटलं असतं ना, तरी त्या मुलीला शेठसमोर तोंड उघडता आलं असतं.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक असेन आणि काही न घेता निघाले तर बोहनी खराब होते म्हणतात, खरं का?

जुने मालक मानतात, छोट्या दुकानात आणि फुटपाथवर जास्तच. म्हणून बोहनीच्या वेळी भाव थोडा सैल सुटतो हे पण खरं. पण तुम्ही त्या दडपणाखाली काही घेऊ नका. फक्त पहिल्या मिनिटालाच निम्म्याने भाव पाडून, हो म्हणवून घेऊन मग निघून जाऊ नका, ते वाईट दिसतं कुठल्याही वेळी.

घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही?

फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोडचा फुटपाथ, दादर स्टेशनबाहेरचे विक्रेते, तिथे सांगितलेल्या भावात घासाघीस धरलेलीच असते, तिथे करा. एकदा तुम्ही बोललेल्या भावाला तो "घ्या" म्हणाला की मात्र घ्यायचं, हा तिथला नियम. मंगलदास मार्केटला कपडा मीटरवर घेताना एका मीटरला फारसं सुटत नाही, आख्ख्या घराच्या पडद्यांचा कपडा घेत असाल तर विचारा. "एकच भाव" पाटी असलेल्या दुकानात काउंटरच्या पोरीशी वीस मिनिटं वाद घालून काही होत नाही, तिच्या हातात एक टक्का पण नसतो. मोठी खरेदी असेल, लग्नाचा बस्ता असेल, तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाला एकदाच विचारा, "एवढं घेतोय, काही होईल का?" होणार असेल तर तिथेच होतं.

पॅकबंद वस्तूवर एमआरपी छापलेली असते, त्यात सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्या वर कोणी मागितलं तर देऊ नका, थंड करायचे वेगळे दोन रुपये वगैरे चालत नाही. एमआरपीपेक्षा कमीत मागायला काही हरकत नाही, पण दुकानदाराने तसं द्यायलाच हवं असं नाही.

बिल नको म्हटलं तर जीएसटी वजा करून द्याल का?

हे काउंटरवर विचारूच नका, प्लीज. आम्ही हो म्हटलं तर आमची नोकरी जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याला नगामागे २५०० पर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे बऱ्याच ड्रेसवर तसाही फार लागत नाही. आणि बिल तुमच्याच कामाचं असतं, खाली बदलून घेण्याचा प्रश्न आहे तो वाचा. बिल मागूनही न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

बिलिंगला मोबाईल नंबर द्यावाच लागतो का?

नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानांना सांगितलंय की नंबरसाठी अडून बसायचं नाही. पण बिलिंगच्या मुलाला सिस्टीममध्ये तो रकाना भरायला सांगितलेलं असतं आणि दिवसातून दोनशे वेळा तेच विचारून तो कंटाळलेला असतो, त्याच्यावर चिडू नका. "नंबर नाही देणार, कागदावर बिल दे" एवढं म्हणा. तरी अडवलं तर मॅनेजरला बोलवा.

यूपीआय अडकलं, पैसे कटले पण तुमच्याकडे आवाज आला नाही. मग खोटारडी समजता का मला?

कोणी समजत नाही, रोजचं आहे हे. दादरला गर्दीच्या वेळी नेटवर्कच नसतं आतल्या बाजूला. नुसता हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट मात्र आम्हाला चालत नाही कारण खोटे स्क्रीनशॉट दाखवून लोकांनी फसवलंय. पाच मिनिटं थांबा, मालकाच्या फोनवर आलं का बघतो. नाही आलं तर दुसऱ्या पद्धतीने द्या, पहिले पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाला केलेलं पेमेंट अडकलं तर व्यवहाराच्या पुढे ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई.

आणि हो, दहाचं नाणं सगळ्या डिझाइनचं चालतं, रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलंय. कोणी नाही म्हटलं तर तो चुकीचा आहे, आमच्यातला असला तरी. पैसे देताना हातात द्या नाहीतर काउंटरवर नीट ठेवा, फेकू नका. फोनवर बोलत बोलत बिल करणारे पण खूप असतात, त्यांना मी "पिशवी देऊ का" विचारते तर ते हाताने गप्प राहायची खूण करतात. मागची रांग तेवढी थांबते.

पिशवीचे पैसे का घेता?

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या २०१८ च्या जूनपासून बंद आहेत, दुकानदार सापडला तर पहिल्याच वेळी ५ हजार दंड. कापडी-कागदी पिशवी दुकानाला महाग पडते, म्हणून काही जण पैसे लावतात. लावत असतील तर ते बिलाच्या आधी सांगायला हवं हे मलाही पटतं. घरून पिशवी आणलेली सगळ्यात बरी.

ट्रायल रूममध्ये काय पाळायचं?

लिपस्टिक पुसा किंवा तोंडावर रुमाल धरून कुर्ता घाला, पांढऱ्या गळ्याला लागलेली लिपस्टिक निघत नाही. नको ते हँगरला लावून बाहेर आणून द्या, घडी नका करू, ती आम्ही करतो. टाचणी काढली असेल तर हातात आणून द्या, खाली टाकू नका, आमची झाडणारी मावशी अनवाणी असते.

मुलं सोबत असतील, हातात वडापाव असेल, छत्री गळत असेल तर आत यायचं का?

मुलांना आणा, त्यांना एक स्टूल देतो. वडापाव बाहेर संपवा, हात पुसा, तेलाचा एक ठिपका सिल्कवर कायमचा बसतो. छत्री दाराशी बादलीत. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की लोक आडोशाला आत शिरतात, ते पण चालतं, काही घ्यायची गरज नाही, फक्त साड्यांच्या गादीपासून लांब उभे राहा.

दुकान साडेनऊला बंद होतं, मी नऊ वीसला आले तर चालेल ना? अजून उघडंच असतं की.

एक वस्तू ठरलेली आहे, बदलायची आहे, फॉल-पिकोला दिलेली घ्यायची आहे, तर या. बस्ता बांधायला येऊ नका. शटर पडतं साडेनऊला पण त्यानंतर सगळ्या घड्या, गल्ल्याचा हिशोब, माल आत लावणं, त्याला पाऊण तास जातो. मी कळव्याला राहते, फास्ट गाड्या तिथे फारशा थांबत नाहीत, एक स्लो चुकली की घरी जेवण अकराच्या पुढे. आमच्यातल्या एकीला विरारला जायचं असतं, एकीला बदलापूरला. २०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, आठवड्यातून एक सुट्टी मात्र प्रत्येकाला मिळायलाच हवी, तर त्या एका दिवसावर आमचं अख्खं घर चालतं. बंद व्हायच्या वेळी आलातच तर "तुमची वेळ झालीय का?" एवढं विचारा. त्या एका प्रश्नाने माझ्यासारखी बाई दहा मिनिटं आनंदाने थांबते.

दुकानात बघायचं, फोटो काढायचा आणि ऑनलाइन स्वस्त मिळालं तर तिथून घ्यायचं, हे वाईट आहे का?

पैसे तुमचे, ठरवायचं तुम्ही. फोटो काढायच्या आधी विचारा, काही डिझाइनं मालकाने स्वतः करून घेतलेली असतात. बहिणीला गावी दाखवायचं असेल तर तसं सांगा, मी व्हिडिओ कॉलवर पदर फिरवून दाखवते. पण दीड तास माझ्याकडून कपडा समजून घेऊन तोंडावर "हे तर तिकडे पाचशेने कमी आहे" म्हणू नका, मोबाईलमधल्या फोटोचा कपडा हाताला लागत नाही आणि मला त्यातलं काही सांगताही येत नाही.

सेल्सवाले सारखे मागे मागे का फिरतात? चोर समजतात का?

बहुतेक वेळा टार्गेट असतं. ज्याने दाखवलं त्याच्या नावावर विक्री, त्यावर इन्सेंटिव्ह. "मी बघते, लागलं तर हाक मारते" म्हटलं की चांगला माणूस लांब होतो. आणि नंतर बिलिंगला "या ताईंनी दाखवलं" एवढं सांगा, त्याने आमच्या पगारात खरंच फरक पडतो.

दुसरं कारण पण आहे. माल गेला तर काही ठिकाणी स्टाफकडून वसूल करतात (वर अंगठीचं सांगितलं तसं), म्हणून नजर ठेवावी लागते. पण कपडे बघून, जात-धर्म ताडून कोणाच्या मागे फिरणं हे चूक आहे, मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी सांगते. तुमच्याशी असं झालं तर बोला.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" लिहिलेलं असतं. मग साडी खराब निघाली तर?

खराब निघाली तर ती पाटी चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं अनुचित प्रथा धरली आहे. बिल आणा, घडी न मोडता आणा, काय दोष आहे ते दाखवा. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रंग आवडला नाही, सासूबाईंना पसंत नाही, हे दोष नाहीत. त्याला दुकानाचा स्वतःचा नियम, घेताना विचारून ठेवा. बहुतेक जण सात-आठ दिवसांत टॅगसकट बदलून देतात, सेलचा माल आणि कापलेला कपडा सोडून.

एकदाच नेसले होते, तीन तास फक्त, टॅग तसाच आहे. बदलून द्याल?

नाही हो. आम्हाला कळतं. निऱ्यांची मोड कळते, काखेजवळचा वास कळतो, हळदीकुंकवाचा कण काठात सापडतो, खाली फॉल नसेल तर जमिनीला घासलेला काठ मळतो. तुम्ही टॅग परत शिवून आणलात तरी दोरा वेगळा दिसतो. मी नाही म्हटलं की तुम्हाला राग येतो, हो म्हटलं तर ती साडी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीला नवी म्हणून विकली जाते. नेसताना खरंच काही दोष दिसला, जरीचा धागा सुटला, रंग गेला, तर लपवू नका, "नेसली आणि असं झालं" सांगा, मग वरचा प्रश्न लागू होतो.

तुमचाच माणूस उद्धट बोलला तर काय करायचं?

तक्रार करा, जरूर करा. पण त्याच्या अंगावर सगळ्या दुकानासमोर ओरडू नका आणि मोबाईल काढून व्हिडिओ सुरू करू नका. मालकाला बाजूला घेऊन काय बोलला, किती वाजता, एवढं सांगा. चांगलं काम केलं असेल तर ते पण मालकालाच सांगा, आमच्या कानात सांगितलेलं तिथपर्यंत पोचत नाही.

तुम्ही दिवसभर उभ्या असता, "बसून दाखवा" म्हटलं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, म्हणाच. दहा-दहा तास उभं राहून पायाच्या शिरा वर येतात, माझ्या डाव्या पायाच्या आल्यात. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायला जागा द्यायचा कायदाच केला, तो तिथल्या साडीच्या दुकानातल्या बायकांच्या मागणीतून आलेला आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक समोर असताना बसणं उद्धटपणा समजतात. गिऱ्हाइकानेच म्हटलं "ताई, बसून दाखवा", तर मालकही काही बोलत नाही.

घरी गेल्यावर कळलं की तुम्ही पैसे जास्त परत दिलेत किंवा एक वस्तू बिलात आलीच नाही. कळवायचं का?

कळवा, त्याच दिवशी, बिलावर दुकानाचा नंबर असतो. गल्ल्याचा हिशोब रात्रीच होतो आणि कमी पडलेले पैसे खूप ठिकाणी बिलिंगचा माणूसच भरतो. मागच्या दिवाळीत आमच्या मुलाने एका काकांना पाचशेची एक नोट जास्त दिली. काका ठाण्यापर्यंत पोचले होते, तिथे त्यांनी खिसा बघितला आणि परत गाडी पकडून दादरला आले. शटर अर्धं खाली होतं. ते वाकून आत आले, नोट काउंटरवर ठेवली, म्हणाले "मोजणी झाली नाही ना अजून?" मुलगा तेव्हा तिसऱ्यांदा मोजत बसला होता.